मशीननं विचारणं बंद केलं

मशीनच्या दाराचा चेक बंद करता येईल, असं बटण दिलंच कशाला? हे मी सगळ्यांना विचारलं. जो तो दुसऱ्याकडं बोट दाखवतो. किस्से मात्र सगळ्यांकडे आहेत! माझा थोरला भाऊ अण्णा गेल्यापासून चिंचोळी एमआयडीसीतल्या चहाच्या गाड्यावर दोघं उभे राहिले की त्याचा एक किस्सा निघतोच. हसतात, मला बघितलं की गप्प होतात. गप्प कशाला बसता? मीच सांगतो.

*

आमच्या टॉवेलच्या कारखान्यात टॉवेलचे गठ्ठे दाबून गाठी करायचं मोठं प्रेस आहे, कॉम्प्युटरवर चालणारं. अण्णा प्रेसवर, मी पॅकिंगला. दर वेळी दाबायच्या आधी मशीन स्वतःच तपासायचं, दार लागलंय का, आत कुणी आहे का. मगच वरची प्लेट खाली यायची. एकदा पुण्याहून सॉफ्टवेअरवाला आला. म्हणाला, "तपासण्यात वेळ जातो. आता प्रत्येक चेकला चालू-बंदचं बटण दिलंय. नको ते बंद करा, मशीन पळेल!"

अण्णा म्हणाला, "साहेब, माझी बायकोबी रोज धा प्रश्न विचारती. तिला बटण कुटं हाय?"

सॉफ्टवेअरवालासुद्धा हसला.

*

जाताना तो बजावून गेला, दाराचा चेक तेवढा बंद करू नका. पण यादी इंग्रजीत, आणि सुपरवायझर कदम साहेबांना घाई. यादीच्या तळाला एक बटण होतं, सगळे चेक एकदम बंद करायचं. त्यांनी तेच दाबलं! त्या दिवशी गाठी जास्त निघाल्या. मालकानं पेढे वाटले.

अण्णानं दोन खाल्ले.

*

आठवड्यानं दार उघडं असतानाच प्लेट खाली आली. आत राहिलेल्या स्टुलाचा भुगा झाला. अण्णा तडक कदम साहेबांकडं गेला. "साहेब, मशीन आता विचारतच न्हाय की!"

"मग तू विचार की!"

तेव्हापासून अण्णा दर वेळी ओरडायचा, "हाय का रं आत कुनी?" आम्ही ओरडायचो, "न्हाय!" अक्कलकोटचा बसू कन्नडमध्ये, "यारू इल्ला!" नव्या माणसाला वाटायचं, भजन चाललंय.

*

एकदा बसूनं आतूनच आवाज दिला, "मी हाय!" सगळे खो खो हसले. अण्णानं त्याला ओढून बाहेर काढलं आणि एक ठेवून दिली. मग स्वतःच त्याला चहा पाजला.

*

एका सोमवारी आत टॉवेल अडकला. काढायला अण्णा गेला. बटणावर दुसराच माणूस होता. त्या वेळी कुणी ओरडलं नाही. ओरडणारा आत होता.

चौकशीत सॉफ्टवेअरवाला म्हणाला, "आम्ही चेक चालू ठेवूनच दिले होते." कदम साहेब म्हणाले, "बंद करायची सोय यांचीच." आणि परत जाताना दोघं एकाच गाडीत!

*

प्रेस पुन्हा सुरू झालं. अण्णाच्या जागी मला घातलं. पहिल्याच दिवशी पॅनल बघितलं, चेक अजून बंदच! कदम साहेब म्हणाले, "एवढी ऑर्डर जाऊ दे, मग करतो."

माझं डोकं फिरलं. त्या कारखान्यात मी शेवटचं काम केलं ते हे. दार उघडलं, आत शिरलो आणि मांडी घालून बसलो.

"साहेब, चेक चालू करा. न्हायतर दाबा बटण!"

कदम साहेब पॅनलकडं पळाले. घाम पुसत काहीतरी दाबलं. "झालं बाबा चालू. ये बाहेर."

"झालं व्हय? दार उघडंच हाय, मग प्रेसचं बटण दाबून दाखवा की."

सगळे बघत होते. कदम साहेबांनी दोन्ही हात पाठीमागं नेले.