टाचांकडे बघा

विमानतळाच्या दारात अण्णांनी माझ्या पर्समधून शिट्टी काढून घेतली. भावनेच्या भरात वगैरे नाही. "तिकडे कुठे वाजवणार आहेस तू? इथे शाळेत लागेल," म्हणाले, आणि स्वतःच्या खिशात टाकली. सई तेव्हा नऊ वर्षांची होती. ती ट्रॉलीवर बसून केळं खात होती. मी बॅगा, मसाल्याचं खोकं आणि फॅमिली व्हिसाचा शिक्का असलेला पासपोर्ट सांभाळत आत गेले. काचेतून मागे पाहिलं, तर वडील टॅक्सीवाल्याशी भाड्यावरून हुज्जत घालत होते. आमच्या घरी निरोप असाच देतात.

कुंदाने फोन करून सांगितलं, "कबड्डी मंडळाच्या स्मरणिकेसाठी परदेशातल्या गमतीजमती लिहून पाठव." कुंदा, तू आपल्या संघाची कप्तान होतीस, तुझा शब्द मोडवत नाही. पण गमती फारशा नाहीत. जे आहे ते लिहिते. आपल्यापैकी ज्या चिपळुणातच राहिल्या त्यांच्यासाठी, आणि ज्या माझ्यासारख्या नवऱ्याच्या नोकरीमागे मस्कत, दुबई, कुवेतला गेल्या त्यांच्यासाठीही.

नव्या मुलींना माहीत नसेल म्हणून सांगते. मी आपल्या संघात उजवा कोपरा खेळायचे. पुढे मुलींच्या शाळेत खेळाची शिक्षिका झाले आणि गावच्या साप्ताहिकात कबड्डीच्या सामन्यांवर लिहायचे. अण्णा पंच होते. माझा मजकूर आधी ते वाचायचे आणि एकच गोष्ट तपासायचे. "खाली नाव घातलंस का? बिननावाचं मत म्हणजे चहाच्या टपरीवरच्या गप्पा." मैदानावर त्यांचं दुसरं एक वाक्य ठरलेलं होतं. चढाईला आलेल्या मुलीच्या तोंडाकडे बघत राहिलो की ते कडेवरून ओरडायचे, "टाचांकडे बघा! तोंड फसवतं, टाच नाही फसवत."

सौदीत अल-खोबरला आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहिलो. माझे यजमान विनायक तेल कंपनीच्या एका ठेकेदाराकडे इंजिनिअर. पहाटे कंपनीच्या गाडीने जायचे आणि अंधार पडताना यायचे. सई भारतीय शाळेच्या बसने जायची. मी घरात. तिथे बाईने गाडी चालवायची नाही, एकटीने लांब जायचं नाही. स्टेडियम घरापासून जवळ होतं. त्याचे दिवे आमच्या गच्चीवरून दिसायचे आणि गर्दीचा आवाजही यायचा. पण आत बाईला प्रवेश नाही. माझ्या इकाम्यावर, म्हणजे तिथल्या रहिवासी परवान्यावर, स्पष्ट छापलं होतं की मी अवलंबित आहे आणि मला काम करायला परवानगी नाही. सही करताना विनायक म्हणाले, "सगळ्याच बायकांच्या इकाम्यावर असतं, मनावर घेऊ नकोस." मी मनावर घेतलं नाही. कपाटात ठेवून दिलं.

मग डिश आली. हिंदी वाहिन्या होत्या, क्रिकेट होतं, आणि एक अमेरिकन वाहिनी होती जिच्यावर संध्याकाळी त्यांचा फुटबॉल दाखवायचे. आपला पायाने खेळायचा नव्हे. लांबट चेंडू हातात घ्यायचा, डोक्याला हेल्मेट, खांद्यांत गाद्या भरलेल्या. पहिल्यांदा पाहिला तेव्हा वैताग आला. दहा सेकंद खेळतात आणि मिनिटभर उभे राहतात. पण कपड्यांना इस्त्री करताना समोर काहीतरी चालू हवं म्हणून बघत राहिले. एक दिवस लक्षात आलं की चेंडू ज्याच्या हातात असतो, त्या क्वार्टरबॅकच्या पुढे पाच धिप्पाड गडी रांगेत ओणवे बसलेले असतात. त्यांनी चेंडूला हात लावायचा नसतो. समोरून धावून येणाऱ्यांना फक्त थोपवून धरायचं. इस्त्री बाजूला ठेवली. ही तर आपली कबड्डीतली साखळी होती.

त्या रांगेत डावीकडे टोकाला जो असतो, तो मला आपला वाटला. क्वार्टरबॅक उजव्या हाताने फेकणारा असला की त्याची पाठ डावीकडे वळते. तिकडून कोण येतंय ते त्याला दिसत नाही. ते या कोपऱ्यातल्या माणसाने बघायचं. मी त्याच्या टाचांकडे बघायला लागले. भार बोटांवर असला की चेंडू घेऊन धावणार. टाचांवर मागे रेलला की फेकणार. दहांपैकी आठ वेळा बरोबर यायला लागलं. न कळणारं इंग्रजी सई सांगायची. पुढेपुढे तीही कंटाळली. "मम्मा, दे आर जस्ट टॉकिंग. कुछ नहीं बोल रहे."

मुलगी बरोबर बोलत होती. सामन्याआधी टेबलामागे टाय लावून पाच-सहा जण बसतात, मध्यंतरात तेच, संपल्यावर पुन्हा तेच. क्वार्टरबॅकचं बालपण, त्याचा कुत्रा, त्याच्या आईचे डोळे पाणावले ते. कॅमेरा चेंडूच्या मागे धावतो, रांग पडद्याबाहेर जाते. डावीकडच्या त्या गड्याचं नाव वर्षभरात तुम्हाला ऐकू येईल ते फक्त त्याने चूक केली की. एकदा त्याच्या हातून माणूस निसटला, तर तीच चूक चार कोनांतून दाखवतील. साठ वेळा त्याने थोपवला त्याचं काय? त्याला म्हणतात, क्वार्टरबॅक आज शांत डोक्याने खेळला. शांत डोक्याने खेळायला त्याला वेळ कुणी दिला, हे टायवाल्यांपैकी एकानेही विचारलेलं मी ऐकलं नाही.

आणि मैदानाच्या कडेला माईक घेऊन एक मुलगी. सुंदर केस, थंडीत कुडकुडणारी. तिला अर्धा मिनिट मिळणार आणि त्यात ती प्रशिक्षकाला विचारणार, "तुम्हाला कसं वाटतंय?" मला तिचा राग यायचा. नंतर कळलं, राग तिचा नव्हता. ती निदान मैदानाच्या कडेला उभी होती.

ही सगळी बडबड मी जेवताना विनायकांसमोर करायचे. ते ऑफिसात जाऊन सांगायचे. त्यांचा साहेब अमेरिकन होता, या खेळाचा वेडा. भारतीय इंजिनिअर आपल्याशी रांगेतल्या गड्यांबद्दल बोलतो म्हटल्यावर त्याला आनंद झाला. कंपनीचं एक साप्ताहिक पत्रक निघायचं. त्यात एक कोपरा तुम्ही लिहा म्हणाला. यजमान घरी येऊन म्हणाले, "तू सांग, मी टाइप करतो." मी सांगितलं. पहिल्याच लेखाचं शीर्षक होतं, चेंडू सोडून टाचा बघा. खाली नाव, विनायक.

दोन मोसम ते सदर चाललं. ऑफिसात त्यांना 'कोच' म्हणायला लागले. कँटीनमध्ये अमेरिकन लोक त्यांना हाक मारून टेबलावर बोलवायचे. पगारवाढीचं मी बोलत नाही, ते त्यांच्या कामाचं होतं. ते कामात चोख आहेत आणि नवरा म्हणूनही वाईट नाहीत, हे इथेच लिहून टाकते, म्हणजे कुणी विचारायला नको. पण एकदा मी म्हटलं, "अहो, यात माझंही नाव घाला. दोघांचं घाला."

"तुझ्या इकाम्यावर काय लिहिलंय?"

"पैसे कुठे मिळतात त्याचे? काम कसलं ते?"

"शैला, कंपनीचं पत्रक आहे. बाईचं नाव, तेही फुटबॉलवर. उगाच चर्चा होईल. आणि आपल्या दोघांत तुझं-माझं काय आलं?"

तुझं-माझं नसतं तर नाव माझं का चाललं नसतं? हे मी तेव्हा विचारलं नाही. सईचा अभ्यास घ्यायचा होता.

त्यांचा मोसमाचा शेवटचा मोठा सामना अमेरिकेत रविवारी संध्याकाळी असतो, म्हणजे सौदीत सोमवारी पहाटे, कामाच्या दिवशी. म्हणून साहेब तो रेकॉर्ड करायचा आणि बुधवारी, सुट्टी लागायच्या संध्याकाळी, आपल्या कंपाउंडमध्ये, म्हणजे परदेशी लोकांच्या भिंतीआडच्या वसाहतीत, सगळ्यांना बोलवून लावायचा. तोपर्यंत स्कोअर कुणी सांगायचा नाही, असा कडक नियम. तीन दिवस पेपर उघडायचा नाही, बातम्या लागल्या की खोलीबाहेर जायचं. त्या वर्षी कोचला सहकुटुंब बोलावणं आलं. मी कोथिंबीर वड्या केल्या.

आता हे नीट ऐका. कंपाउंडच्या भिंतीआत सौदीचे नियम नव्हते. अमेरिकन बायका अर्ध्या बाह्यांच्या कपड्यांत नवऱ्यांशेजारी सोफ्यावर बसल्या होत्या. आम्हाला कुणीही अडवलेलं नव्हतं. तरी आम्ही चार भारतीय बायका आत शिरलो त्या सरळ स्वयंपाकघरात गेलो. सवयीने. साहेबाच्या बायकोने दोनदा येऊन बाहेर बसायला सांगितलं, तर आमच्यातली एक म्हणाली, "नो नो, वी आर हॅपी हिअर." मीही ओट्याला टेकून उभी होते आणि दाराच्या फटीतून पडद्याचा कोपरा बघत होते. उजवा कोपरा.

शेवटच्या टप्प्यात मला राहवलं नाही. वड्यांचं ताट घेऊन बाहेर गेले आणि सोफ्यामागे उभी राहिले. खेळ अटीतटीला आलेला. साहेबाने रिमोटने चित्र थांबवलं. सगळे गडी ओणवे, जागच्या जागी गोठलेले.

"ओके, कोच," तो म्हणाला. "आता काय?"

विनायक पडद्याकडे बघत राहिले. चेंडूकडे. मग त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. सईने पाहिलं. खोलीतल्या सगळ्यांनी पाहिलं.

मी माझ्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगितलं की डावीकडचा टाचांवर बसलाय, म्हणजे फेकणार. पण आज त्याचा बाहेरचा पाय उशिरा निघतोय, मघापासून. फेकायला वेळ मिळणार नाही. क्वार्टरबॅक पाठीमागून आडवा होणार.

साहेबाने बटण दाबलं. क्वार्टरबॅकने हात मागे नेला, आणि डावीकडून आलेल्या गड्याने त्याला चेंडूसकट जमिनीवर लोळवलं.

काय आरडाओरडा झाला! कुणी टाळ्या वाजवल्या, कुणी ओरडलं की हिने स्कोअर ऐकला असणार, हिला दंड करा. साहेब उठला. मला वाटलं माझ्याशी हात मिळवतोय. त्याने यजमानांच्या पाठीवर थाप मारली. "कोच! बायकोला काय तयार केलंयस तू!"

मी वाट पाहिली. एक वाक्य पुरलं असतं. अर्धंही.

"शी इज अ फास्ट लर्नर," विनायक म्हणाले, आणि हसले.

मी वड्या फिरवल्या. साहेबाने दोन घेतल्या आणि यजमानांना सांगितलं की छान झाल्यात.

आम्ही गाडीने परत निघालो. समुद्रकाठच्या कॉर्निश रस्त्याच्या सिग्नलला सई मागच्या सीटवरून म्हणाली, "पप्पा, दॅट वॉज मम्माज लाइन. सगळं मम्माचंच असतं ना?"

"त्यांना ते माहीत असायची गरज नाही, बेटा."

"व्हाय?"

सिग्नल सुटला.

पुढच्या आठवड्यात ते टाइप करायला बसले आणि म्हणाले, "सांग." मी म्हटलं, "तुम्हीच लिहा, मी फास्ट लर्नर आहे, वाचून शिकेन." त्यांनी एक लेख लिहिला. त्यात क्वार्टरबॅकचा कुत्रा होता. मग सदर बंद झालं. ऑफिसात कामाचा ताण वाढला असं कारण दिलं गेलं. सहा महिने आमच्या घरात तो खेळ लागला नाही. मग मी लावला.

मी मराठीत एक लेख लिहिला, सगळा मुद्देसूद. बातम्यांवाले चेंडू का दाखवतात आणि रांग का नाही, आणि आपल्या पेपरात कबड्डी दोन ओळींत का उरकतात. गावच्या साप्ताहिकाला पाठवला. जुने संपादक गेले होते. नव्यांनी तो निम्मा कापून छापला. चकल्यांच्या कृतीशेजारी, 'परदेशस्थ भगिनींचे अनुभव' या चौकटीत. खाली 'सौ.' आणि पुढे यजमानांचं पूर्ण नाव, कंसात सौदी अरेबिया. फोनवर अण्णांनी आधी खालचं नाव मोठ्याने वाचलं. मग म्हणाले, "वाचलं. टाचांचं बरोबर आहे. नाव चुकलंय. मी जाऊन सांगून येतो." त्या वयात ते रिक्षा करून गेले. दुरुस्ती छापायची पद्धत नाही, असं त्यांना सांगण्यात आलं.

इकडे राहिलेल्यांना वाटतं, तिकडे बाईला किंमत नसते. तिकडे गेलेल्यांना वाटतं, गावी आपली ओळख असते. दोघींना सांगते, तसं नाही. गेल्या सुट्टीत शाळेच्या मैदानावर गेले होते. नवीन शिक्षिका पंचाचं काम करत होती आणि तिच्या गळ्यात अण्णांनी माझ्याकडून घेतलेली ती शिट्टी होती. चांगली वाजवत होती. अण्णांचं बरोबर होतं, तिथेच लागली. ती मला म्हणाली, "आपण सौदीच्या साहेबांच्या मिसेस ना?" मी हो म्हटलं. सामना चालू होता, मध्ये कशाला बोलायचं?

पण उजव्या कोपऱ्यातली पोर चढाईवालीच्या तोंडाकडे बघत होती. मला दिसत होतं, आता ही फसणार. कडेवरून मी ओरडले. तिने खाली पाहिलं आणि पाय धरला. पक्की पकड. तिने वळून विचारलंही नाही कोण ओरडलं. तिला वेळ नव्हता, आणि तेच बरोबर होतं.

घर कुठलं, असं आता कुणी विचारलं तर मी खोबर सांगत नाही, चिपळूणही सांगत नाही. दोन्हीकडे मी कुणाची तरी मिसेस आहे. मैदानाच्या त्या उजव्या कोपऱ्यात हातभर जागा होती. तिथे चूक झाली तर माझी आणि पकड झाली तर माझी. तेवढंच माझं घर होतं. आता तिथे दुसरी उभी आहे.

कुंदा, मजकूर कापायचा तर काप. फुटबॉलचं नको असेल तर तेही काढ. चकल्यांशेजारी छापलंस तरी माझी हरकत नाही. फक्त खाली माझं नाव घाल. मागे सौ. नको, कंसात काही नको.

शैलजा