लाथ आणि नमस्कार

माझा स्वभाव संशयी आहे, हे आधीच सांगितलेलं बरं. दुधाच्या कॅनवरची तारीख मी वाचते आणि तरीही झाकण उघडून वास घेते. नवरा म्हणतो, तू देवळातसुद्धा एक डोळा चपलांवर ठेवून हात जोडतेस. ठेवते. चपला माझ्या असतात.

२००२च्या हिवाळ्यात या स्वभावाला भलतंच खतपाणी मिळालं. आम्ही तेव्हा अमेरिकेत, सनीव्हेलला एका अपार्टमेंटमध्ये राहायचो. दोघंही पुण्याचे, दोघंही सॉफ्टवेअरमध्ये. त्याचं ऑफिस गाडीने जवळ होतं, माझं ट्रेनने लांब. सकाळी स्टेशनच्या पार्किंगमध्ये गाडी लावायची आणि संध्याकाळी उतरून गाडीपर्यंत चालत यायचं, असा माझा रोजचा क्रम. एका संध्याकाळी एक माणूस माझ्या मागोमाग गाडीपर्यंत आला. मी आत बसून दार लावलं, तर त्यानं काचेवर जोरात थाप मारली आणि ओरडला, "जिथून आलीस तिथे परत जा!" मग तो एका काळ्या पिकअप ट्रकमध्ये बसून निघून गेला. मला दिसलं ते एवढंच: एक टोपी, एक केसाळ हात आणि ट्रकची मागची बाजू. नंबर बघायचं सुचलं नाही. शेजाऱ्यांकडे आलेल्या पाहुण्यांच्या गाड्यांचेही नंबर पाठ असणारी मी, ऐन वेळी आंधळी झाले.

त्यानंतर मला ते पार्किंग एकटीने ओलांडता येईना. फलाटावरून उतरलं की पाय जागचे हलायचे नाहीत. नवरा रोज ऑफिसातून लवकर निघून मला घ्यायला यायला लागला. त्याच्या कंपनीत तेव्हा लेऑफ चालू होते, आणि अशा दिवसांत लवकर निघणारा माणूस पटकन डोळ्यावर येतो. तो तक्रार करत नव्हता, म्हणूनच मला जास्त लागत होतं. शेवटी मीच म्हटलं, "मी जॉब सोडते." सोडला असता तर माझा व्हिसा गेला असता आणि त्याच्या व्हिसावर, नोकरीची परवानगी नसताना, घरात बसून भिंती मोजायची वेळ आली असती. हे दोघांनाही माहीत होतं.

"घाईने डिसाइड करू नकोस यार," तो म्हणाला. "आधी एक सेल्फ डिफेन्सचा क्लास कर. तो संपला की बघू."

क्लास एका ड्रायक्लीनर आणि डोनटच्या दुकानाच्या मधल्या गाळ्यात होता. शिकवणारी बाई पन्नाशीची, बारीक कापलेले पांढरे केस, आवाज अगदी शांत. मला आधी त्या आवाजाचाच संशय आला. मारामारी शिकवणारं माणूस इतकं शांत कसं असेल? मग तिनं आमच्या जोड्या लावल्या आणि माझ्या वाट्याला एक दांडगा, लाल दाढीवाला माणूस आला. डोक्यावर टोपी. हात केसाळ. क्लास सुटल्यावर तो ज्यात बसला तो काळा पिकअप ट्रक होता.

घरी येऊन मी हे सांगितलं, तर नवरा म्हणाला, "अगं, असे हजारो ट्रक आहेत इथे. पण तुला अनकम्फर्टेबल वाटत असेल तर पार्टनर बदलून घे."

"मुळीच नाही," मी म्हटलं. "डोळ्यांसमोर असलेला बरा."

सुरुवातीचे कितीतरी दिवस बाईंनी कुणाला मारायला शिकवलंच नाही. आधी नुसतं उभं राहायचं: पाय खांद्याइतके फाकून, गुडघे सैल, दोन्ही तळहात छातीसमोर उघडे. मग बघायचं: दार कुठे आहे, उजेड कुठे आहे, समोरच्याचे हात कुठे आहेत. हे मी जन्मापासून करत आले होते, त्यामुळे इथे माझा पहिला नंबर. नंतर अंतर. समोरच्याचा हात पोचणार नाही इतकं लांब राहायचं, आणि तो एक पाऊल पुढे आला की आपण कडेला सरायचं. दाढीवाला पुढे यायचा आणि मी गरजेपेक्षा दुप्पट सरायचे. तो मला कधीच विचारायचा नाही की तू कुठली. बाकी सगळ्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं. याला आधीच माहीत असल्यासारखं वाटायचं.

आवाजाच्या धड्याला माझी पंचाईत झाली. पोटातून ओरडायचं होतं आणि माझ्या तोंडून निघत होतं ते बँकेत पुढच्या माणसाला "एक्सक्यूज मी" म्हणावं तसं काहीतरी. आयुष्यभर "हळू बोल, शेजारी ऐकतील" हेच ऐकलेलं. बाई म्हणाल्या, तुझ्या भाषेत ओरड. मी डोळ्यांसमोर पुण्यातला मीटर न टाकणारा रिक्षावाला आणला आणि ओरडले, "ए, मागे हो!" ड्रायक्लीनरकडची मुलगी काचेतून डोकावून गेली. दाढीवाला खरोखरच मागे झाला, तेव्हा मला जरा बरं वाटलं.

मग मनगट सोडवणं. पकड कितीही घट्ट असली तरी अंगठा आणि बोटं जिथे भेटतात तिथे ती कच्ची असते, त्या बाजूने हात फिरवून ओढायचा. मग पडणं: हनुवटी छातीला, श्वास बाहेर, तळहाताने जमिनीवर थाप. पडायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला, कारण पाडणारा तो होता. त्यानं मला कधी लागू दिलं नाही, हेही खरं. पण मला त्याचाही संशय यायचा. एवढी काळजी कशासाठी?

सगळ्यात शेवटी लाथ. टाचेने, खाली, समोरच्याच्या नडगीवर. तो नडगीपुढे जाड गादी धरून उभा राहिला. मी लाथ मारली, टाच गादीवरून घसरली आणि त्याच्या पायाला लागली. मी लगेच वाकले, त्याच्या पायाला बोटं लावली आणि ती कपाळाला टेकवली. आपल्याकडे पुस्तकाला पाय लागला, माणसाला पाय लागला, की हात आपोआप जातो. त्यात विचार करण्यासारखं काही नसतं.

तो उडी मारून मागे सरला. दुसऱ्या वेळी पुन्हा तेच झालं. त्यानंतर तो माझी लाथ यायच्या आधीच पाय काढून घ्यायला लागला. मग तो बाईंकडे गेला आणि दोघं माझ्याकडे बघत हळू आवाजात बोलू लागली. मी कान टवकारले. तो म्हणत होता, ती मारल्यावर दर वेळी माझ्या पायाला काहीतरी करते. तिच्या मनात काय आहे, मला कळत नाही.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. या नात्यात संशय घ्यायचा तो मी! मी तिथे जाऊन तणतणतच सगळं समजावून सांगितलं. पाय लागणं म्हणजे अपमान, म्हणून लगेच माफी मागायची, लहान मुलालासुद्धा हे शिकवतात. दाढीवाला ऐकत राहिला. बाईंनी शांतपणे विचारलं, "आणि कुणी मुद्दाम पाय मारला तर? तेव्हाही ही माफी मागतात?"

"मुद्दाम मारणारा कशाला माफी मागेल?" मी म्हटलं.

"मग तू अजून एकदाही लाथ मारलेली नाहीस," त्या म्हणाल्या. "तुझा पाय फक्त चुकून लागतोय."

घरी आल्यावर मी सोफ्याची उशी भिंतीला टेकवून ठेवली आणि लाथा मारल्या. पहिल्या लाथेनंतर मी उशीच्याही पाया पडले. नवरा आधी पोट धरून हसला आणि मग माझा चेहरा बघून माझ्याजवळ आला. मी रडत होते. त्या माणसानं काचेवर थाप मारली तेव्हाही माझ्या तोंडून "सॉरी" गेलं होतं. हे मी नवऱ्याला तोवर सांगितलं नव्हतं.

शेवटच्या दिवशी घरच्यांना बोलावलं होतं. परीक्षा अशी की जाड कवच आणि भलंमोठं शिरस्त्राण घातलेला माणूस मागून येणार, काहीतरी मनाला लागेल असं बोलणार, आणि आपण त्याच्या तावडीतून सुटून दाराला हात लावायचा. बाईंनी प्रत्येकाला आधी विचारलं, त्यानं काय बोलावं? मी म्हटलं, काहीही चालेल. ते वाक्य मी क्लासमध्ये कुणालाच सांगितलं नव्हतं. कवच कोण घालणार म्हटल्यावर दाढीवाला स्वतःहून पुढे आला. मी नवऱ्याकडे बघितलं. त्यानं मान हलवली, म्हणजे झालं, पुन्हा सुरू झाली ही.

मी पाठ करून उभी राहिले. पावलं आली, मनगट धरलं गेलं आणि शिरस्त्राणातून घोगरा आवाज आला, "जिथून आलीस तिथे परत जा."

शब्द न शब्द तोच. मी अंगठ्याच्या बाजूने हात फिरवून सोडवला आणि "मागे हो!" असं ओरडले की माझा मलाच घसा दुखला. तो पुढेच येत राहिला. मी टाच उचलली, त्याच्या नडगीकडे नीट बघितलं आणि मारली. तो मटकन खाली बसला. मी वाकले नाही. सरळ जाऊन दाराला हात लावला.

शिरस्त्राण काढलं तेव्हा त्याचं तोंड दाढीसारखंच लाल झालं होतं आणि तो हसत होता. मी तिथेच विचारलं, "ते वाक्य तुला कसं सुचलं?"

"लोक असंच म्हणतात ना?" त्यानं खांदे उडवले आणि नडगी चोळत राहिला. तो तोच होता की नव्हता, मला आजही माहीत नाही. मी त्याच्या डोळ्यांत पुष्कळ वेळ बघितलं. काही कळलं नाही.

तेवढ्यात माझा सभ्य नवरा हात पुढे करून त्याच्याकडे निघाला. "सॉरी हं," असं तो इंग्रजीत म्हणत होता, "तिनं जरा जास्तच—"

मी त्याची बाही ओढली. "सॉरी म्हणू नकोस," मी मराठीत म्हटलं. "मुद्दाम मारलीय."

"अगं, पण तो लंगडतोय."

"लंगडू दे. आणि उद्यापासून मला स्टेशनवर घ्यायला येऊ नकोस."