दादाच्या दुर्बिणीतल्या रेघा

दादा गेल्याचा फोन आला तेव्हा मी रोह्याला घरीच होतो. खोटं कशाला बोलू, रडू यायच्या आधी मनात आलं, आता ती दुर्बीण कुणाच्या हाती जाणार?

वडील गेल्यावर जोहे गावातल्या शेताचे दोन वाटे झाले आणि मध्ये बांध आला. गणपती मात्र एकच, थोरल्याच्या घरी. तेवढ्यापुरते आम्ही भाऊ, एरवी वाटेकरी. दादा पेणच्या शाळेत भूगोल शिकवायचा. निवृत्त झाल्यावर त्यानं दुर्बीण घेतली. आत पट्टीसारख्या बारीक रेघा. "वस्तूची उंची ठाऊक हवी," तो सांगायचा, "मग ती किती रेघांत बसते ते बघायचं. रेघा जितक्या कमी, तितकी वस्तू लांब." गच्चीवरून तो मूर्तींच्या कारखान्यांबाहेर वाळत ठेवलेल्या गणपतींवर सराव करायचा; मूर्ती किती फुटी, हे आमच्या गावात कुणीही सांगतं. पण मी वाल बघायला शेतात उतरलो, की दुर्बीण माझ्यावर! बांध मोजतोय, दुसरं काय? मीही काही कमी नाही. पायवाटेनं निम्म्यापर्यंत त्याच्या घराच्या दिशेनं यायचो आणि पिंपळापाशी वळून सरळ पेणची एसटी धरायचो.

गेल्या गणपतीत तर कमाल झाली. आरतीनंतर त्यानं मला दाराच्या चौकटीला पाठ लावून उभं केलं. "टोपी काढ, बाबू," म्हणाला आणि डोक्याला टेकवून पेन्सिलीची रेघ मारली. कशाला, विचारलं तर नुसता हसला. आता हा कुठला डाव...? रोहा येईपर्यंत डोक्यात तेच.

तेरावं झाल्यावर वहिनींना विचारलंच, "बांध किती सरकला म्हणत होता दादा?"

"बांद? नाय वो भावजी, ते तुमाला बघायचे. तुमी किती लांब हाव, त्याचा हिशेब. रेघा वाढल्या की हाक मारायचे, 'बाबू येतोय गो, भात टाक.' अंदाज चुकतो, भात निवतो, म्हणून गणपतीत तुमची उंची मोजून घेतली."

"आणि रेघा कमी झाल्या की?"

"गप खाली यायचे..."

पिंपळापाशी घेतलेली ती वळणं आठवली. पण स्वभावाला औषध नाही. वाटलं, वहिनी माझं मन राखताहेत. उठून चौकटीपाशी गेलो. रेघ तशीच होती. टोपी काढली, पाठ टेकून ताठ उभा राहिलो.

"वहिनी, बघा हो, बरोबर टेकतंय का?"

आत तांदूळ धुतल्याचा आवाज येत होता.