झाकण बाजूने वाफ सोडतं

गल्लीत त्यांना चिठ्ठीकाकू म्हणत, आणि हे नाव काही कौतुकाने पडलेलं नव्हतं. नवऱ्याचं दुरुस्तीचं दुकान होतं: मिक्सर, कुकर, इस्त्र्या, पंखे. गिऱ्हाईक वस्तू टेकवून तक्रार सांगे आणि काकू ती जशीच्या तशी पुठ्ठ्याच्या चिठ्ठीवर लिहून वस्तूला दोऱ्याने बांधत. ‘मिक्सर खालून गळतो, ओटा काळा होतो.’ ‘पंखा फिरतो पण वारा लागत नाही.’ ‘इस्त्री तापते, मग रुसते.’

नवरा, म्हणजे मिस्त्री, वैतागत. "अगं, ही चिठ्ठी आहे की रडगाणं? भागाचं नाव लिही, नंबर लिही!" काम झालं की चिठ्ठी तोडून जमिनीवर टाकत. काकू ती गुपचूप उचलून बिस्किटांच्या डब्यात ठेवत. कशाला ठेवत, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. सत्तावीस वर्षांत अकरा डबे भरले.

पुढे लोक दुरुस्ती सोडून सरळ नवंच घ्यायला लागले. मागच्या खोलीत सुटे भाग छतापर्यंत साचले. सुनेने ते ऑनलाइन बाजारात विकायला मांडले, मिस्त्रींनी छातीठोकपणे सांगितलेल्या नावांनी: ‘रबर रिंग, बावीस सेंटिमीटर, एन-चार.’ तीन महिने कुत्रंसुद्धा फिरकलं नाही. जागेत निम्मा हिस्सा काकूंच्या धाकट्या दिरांचा. त्यांनी निर्वाणीचं सांगितलं, पहिल्या तारखेला भंगारवाला माल उचलेल आणि दुकानाला कुलूप लागेल. त्या दिवसापासून मिस्त्री जेवतानाही बोलेनासे झाले. काकूंना दुकानापेक्षा त्या गप्प बसण्याचीच धास्ती वाटायला लागली.

एका दुपारी त्या सुनेला म्हणाल्या, "त्या शोधायच्या चौकोनात ‘मिक्सर खालून गळतो’ असं लिही बघू."

सुनेने लिहिलं. नवेकोरे मिक्सर आले रांगेने. पाच पानं उलटली तरी यांचा माल दिसेना.

"आई, आपण ‘सील, सहा नंबर’ असं लिहिलंय ना."

"मग डोंबल सापडणार! गळका मिक्सर घेऊन बसलेल्या माणसाला सील कुठून माहीत असणार? त्याला ओला ओटा माहीत. काढ ते डबे खाली."

दहा दिवस सासूसुना मागच्या खोलीतून बाहेर आल्या नाहीत. कोणत्या तक्रारीला कोणता भाग लागतो, हे काकूंना बघून बघून पाठ झालं होतं; त्यावरून एकेका भागाच्या चिठ्ठ्या वेगळ्या केल्या. सगळ्यात जास्त वेळा आलेली तक्रार नावात घातली, उरलेल्या खालच्या वर्णनात. नंबरही ठेवला, पण शेवटी. नुसत्या रबराचा फोटो नको, ते कुठे बसतं तिथे बोट ठेवून काढ, असं काकूंनी बजावलं. बोट अर्थात त्यांचंच. ‘इस्त्री रुसते’ मात्र सुनेने घालू दिलं नाही. असं कोणी शोधत नाही, म्हणाली. काकूंनी जरा कुरकुरत मान्य केलं.

आठवड्याभरात तीन पाकिटं गेली. "आंधळ्याचा नेम," दीर म्हणाले. "तीन पाकिटांवर दुकान चालतं का, वहिनी?"

पहिल्या तारखेला भंगारवाला वजनकाटा घेऊन हजर झाला. मिस्त्री स्टुलावर पाठ फिरवून बसले. पण तोंड बंद ठेवतील तर त्या काकू कसल्या!

"दादा, तुमच्या घरात काय बिघडलंय?"

"काय नाही बिघडलं ते विचारा! कुकरच घ्या. झाकण बाजूने वाफ सोडतं, बायको रोज डोकं खाते."

"तुमच्या फोनवर त्या बाजारात जा आणि असंच्या असं बोला. बायकोचं वगळून."

तो हसत हसत बोलला. पहिल्याच ओळीत रिंग आली, आणि तिच्यावर टेकलेलं, नखापाशी भाजल्याचा व्रण असलेलं बोट. भंगारवाल्याने एकदा फोनकडे पाहिलं, एकदा काकूंच्या हाताकडे.

"अहो, ही तर इथलीच! द्या की एक."

दिरांना राहवलं नाही. त्यांनी आपला फोन काढला आणि घसा खाकरून म्हणाले, "पंखा फिरतो, वारा लागत नाही." दुसऱ्या ओळीत काकूंचं बोट. मग त्यांनी इस्त्री विचारली, मिक्सर विचारला. बोट काही त्यांचा पिच्छा सोडेना. शेवटी त्यांनी फोन खिशात टाकला आणि भंगारवाल्याला म्हणाले, "काटा उचला. इथे वजन करण्यासारखं काही नाही."

काकूंना टाळ्या पिटाव्याशा वाटल्या. खरं तर त्यांनी पिटल्याही.

वर्षअखेरीस रोजची तीस-चाळीस पाकिटं जायला लागली, आणि काकू पाकिटात घालत ती दुकानाच्या पत्त्याची चिठ्ठी वाचून कुणी कुणी दुरुस्तीलाही यायला लागलं. एक बाई टोस्टर घेऊन आल्या आणि भागाचं नाव आठवायला लागल्या.

"नाव राहू द्या," मिस्त्री म्हणाले. कानावरची पेन्सिल काढून त्यांनी पुठ्ठा पुढे ओढला. "काय होतंय ते तुमच्या शब्दांत सांगा. सावकाश."

काकू पाकिटं बांधता बांधता थबकल्या. मिस्त्रींनी चिठ्ठी लिहिली, दोऱ्याने बांधली, टोस्टर दुरुस्त केला. मग चिठ्ठी सोडवली आणि हातात धरून दुकानभर शोधत राहिले.

"अगं, डबा कुठे ठेवलास?"