गिरणेच्या डोहात वाकलेली फळी

चि. अनिकेत आणि जुई,

तुम्ही पाठवलेला फोटो भिंग लावून पाहिला. अनिकेतने स्वतः बनवलेला सर्फबोर्ड देखणा आहे, पण बोर्डाच्या नाकाजवळ, म्हणजे पुढच्या टोकाशी, एक फुगा आलेला मला दिसला. सोबतच्या पत्रात तो लिहितो, की कापड चढवण्याआधी फोमची छिद्रं भरून वरून थर देण्याचं काम फार कंटाळवाणं आहे, पुढच्या वेळी ते गाळणार. म्हणून आजच लिहायला बसले. हे काम मी जळगावला केलेलं आहे, तुमच्या बाबांच्या जन्माआधी.

एकोणसाठ सालचा जून होता. पाऊस सुरू व्हायचा होता. गिरणेच्या डोहात भिका माझ्या फळीवर पालथा पडून वीसेक हात गेला, आणि फळीने मान टाकली. आवाज झाला नाही. पुढचा हातभर भाग मनगट मोडावं तसा खाली वळला, मग त्यात पाणी शिरलं, मग भिका दिसेना. काठावर मी, आमचे शेठजी आणि पाटबंधारे खात्याचे ओव्हरसियर असे तिघं उभे होतो. माझ्या हातात वही होती. मी वेळ लिहून ठेवली होती, तेवढंच मला सुचलं होतं.

भिका वर आला. जातीचा कोळी, तो बुडणार नव्हता. पण तो डोह होता, पूर नव्हता.

आता मागचं सांगते. मी रसायनशास्त्र घेऊन बी. एस्सी. झाले होते आणि शेठजींच्या रंगाच्या कारखान्यात केमिस्ट होते. आम्ही बस-ट्रकच्या बॉडीसाठी लॅकर करत असू. लॅकर म्हणजे थिनरमध्ये विरघळवलेला, पटकन वाळून काचेसारखा चकाकणारा रंग. ओव्हरसियरांचं काम पुराचं पाणी मोजण्याचं. नदीच्या मध्यावर धार किती जोरात आहे ते कळायला कुणाला तरी तिथवर जावं लागे. भिका वाळक्या भोपळ्यांची तरंगती सांगड बांधून जाई. आदल्या वर्षी ती सांगड सुटली होती आणि तो दोन मैल खाली बाभळीला अडकलेला सापडला होता. ओव्हरसियरांना त्याच्यासाठी न बुडणारी फळी हवी होती. मुंबईच्या एका शीतगृहातून उरलेला पांढरा, भाकरीहून हलका ठोकळा त्यांनी मिळवला होता. आज त्याला सगळे थर्माकोल म्हणतात. तेव्हा आमच्यापैकी कुणीही तो पाहिला नव्हता.

"यावर मांजरपाटाचं कापड चिकटवा आणि वरून लॅकर मारा," ओव्हरसियर म्हणाले. "विमानाला करतात तसं."

मी आधी एका तुकड्यावर लॅकरचा ब्रश फिरवला. चहात बत्तासा पडावा तसा तो तुकडा बसला. बशीत पांढरा चिकट गोळा उरला. शेठजी बशीकडे पाहत राहिले. "बाई, हे काय जादूटोणा?" थिनर त्या फोमला खातो, हे मला त्या क्षणी कळलं. कॉलेजात कुणी शिकवलं नव्हतं.

मग मी रीत बसवली. फोम हा दाण्यांचा असतो, दाण्यांमध्ये खाचा असतात. आंबट ताकातला चोथा आणि चुना खलून सुतार एक सरस करतात. त्यात खडूची पूड कालवून ते भरण मी पत्र्याच्या पट्टीने खाचांत दाबलं. वाळल्यावर घासलं, पुन्हा भरलं. त्यावर लाखेचे तीन हात दिले, कारण लाख स्पिरिटमध्ये विरघळते आणि स्पिरिट फोमला काही करत नाही. शेवटी थिनरात भिजवलेला बोळा सगळ्या फळीवर फिरवून पाहिला. कुठेही खड्डा पडला नाही. वहीत लिहिलं, 'पृष्ठभाग पूर्ण बंद', आणि सही केली.

त्या दिवसांत भिका रोज येऊन दारात उकिडवा बसे.

"अक्का, येना पोटमा काय शे?"

"तुला काय करायचंय? तू फक्त वर झोपायचंस."

"मंग तं मालेच समजाले पाहिजे ना," तो म्हणाला आणि हसला. मला काम होतं. मी उत्तर दिलं नाही.

सोमवारी कापड चढवलं आणि आठवडाभर लॅकरचे सात हात दिले. प्रत्येक वेळी फळी नाक खाली करून भिंतीला टेकवून वाळवली. वरून ती आरशासारखी झाली. तीच फळी डोहात वाकली.

भिकाने मोडकी फळी ओढत काठावर आणली. ओव्हरसियर म्हणाले, "बाई, पुरात असं झालं असतं तर मी याच्या आईला काय सांगितलं असतं?" शेठजी म्हणाले, "आपण बसला रंग देणारे लोक. नदीत माणूस सोडायचं काम आपलं नव्हे." मी करवत मागितली आणि नाक कापलं.

आत काही नव्हतं. नारळ मावेल एवढी पोकळी, तिच्या भिंतींना पाकासारखा चिकट थर, आणि बाहेर माझं चकचकीत कापड. मी त्या भागावर बोळा फिरवला होता. सही केली होती.

पोकळीच्या टोकाला, खालच्या अंगाला, कापडाच्या आत एक गोल भोक होतं. दाभणाएवढं. कडेला मेणाचा पिवळा डाग.

"हे कुणी केलं?"

भिकाने ओल्या धोतराचा सोगा पिळला. "मी करं, अक्का."

"कधी?"

"ऐतवारले. मन्ही मायनी सांगेल व्हतं. नव्वी नाव पानीमा घालानं पहिले तांबाना खिया ठोकना पडस. मंग तो काढीसन नदीले देना पडस. नही तं नदी नाव ठेवी लेस." मग तो जरा दुखावल्यासारखा म्हणाला, "भोक मी तसंच नही ठेवं. मेणनी बुजाडं."

म्हणजे त्याने नव्या होडीचा रिवाज पाळला होता, नदीने होडी ठेवून घेऊ नये म्हणून खिळा नदीला वाहिला होता, आणि होडीवाले बुजवतात तसं भोक मेणाने नीट बुजवलंही होतं. मेण पाण्याला अडवतं. थिनरला अडवत नाही. माझ्या सातही हातांतला थिनर नाकाकडे ओघळून तिथून आत शिरला होता आणि त्याने फळी खाल्ली होती.

"अरे, विचारायचंस तरी," ओव्हरसियर ओरडले.

"इचारं व्हतं ना साहेब. अक्काले इचारा."

सगळे माझ्याकडे पाहू लागले. मला रागावता येईना. तो खरं बोलत होता.

ठोकळ्याचा दुसरा तुकडा शिल्लक होता. या वेळी मी भिकाला समोर बसवलं, बशीत फोमचा तुकडा ठेवला आणि थिनरचे दोन थेंब टाकले. तो पाहतच राहिला. मग म्हणाला, "बठ्ठं पोट खाई टाकं." मी म्हटलं, "सगळं. म्हणून खिळा आधी." त्याने कोऱ्या फोममध्ये खिळा ठोकला, काढला, नदीला देऊन आला. ते भोक मी भरणाने बुजवलं, तिथे बोट ठेवून त्याने खात्री केली, आणि मग बाकीचं काम सुरू झालं. बोळा त्यानेच फिरवला. वहीत माझ्या सहीखाली त्याचा अंगठा आहे.

ऑगस्टच्या पुरात तो त्या फळीवर चारदा मध्यावर गेला आणि चारदा परत आला.

तेव्हा अनिकेत, भरण गाळू नकोस. आणि जो माणूस फळीवर झोपणार आहे, त्याला तिच्या पोटात काय आहे ते आधी सांग. तुझ्या बाबतीत तो माणूस तूच आहेस, एवढीच सोय आहे.

दुसऱ्या फळीचं पुढे काय झालं मला माहीत नाही. पहिल्या फळीचं कापलेलं नाक माझ्या कपाटात, वहीशेजारी आहे. भोक अजून दिसतं.

— आजी