न आलेल्या बसचा थांबा

तार माझ्याच हातात पडली. कुवेत शहराच्या शर्क भागातल्या ज्या पेढीवर मी पत्रव्यवहार बघतो, तिच्याच पत्त्यावर आमच्या गावच्या सगळ्या कुवेतकरांच्या तारा येतात. शिपायाने पाकीट टेबलावर ठेवलं तेव्हा मी कुठल्याशा मालाच्या उशिराबद्दल मुंबईच्या एका आडत्याला खरमरीत इंग्रजी लिहीत होतो. तारेत एवढंच होतं, हसन वारला. कसा, कुठे, काही नाही. आदल्याच महिन्यात मी त्याला बोटीवर चढवून आलो होतो. धडधाकट माणूस. पायऱ्या चढताना रिकामीच आहे अशा थाटात स्वतःची ट्रंक खांद्यावर टाकून गेला आणि वरून ओरडला, "करीम, माजी वाट नको बगू, पुलाची बग!" मी ती तार घडी करून खिशात ठेवली आणि मुंबईचं पत्र पुरं केलं. जरा जास्तच खरमरीत झालं असावं.

हसन आणि मी रत्नागिरीच्या किनाऱ्यावरच्या एकाच गावचे, एकाच मराठी शाळेतले. गाव खाडीच्या एका बाजूला, आणि दवाखाना, बाजार, कोर्ट, मोटाररस्ता असं माणसाला लागणारं सारं दुसऱ्या बाजूला. भरतीला होडीची तर चालते. सुकती, म्हणजे ओहोटी, लागली की मध्ये नुसता चिखल, गुडघाभर, कुठे कंबरभर. तेव्हा एक तर पाण्याची वाट बघत बसायचं, नाहीतर चिखल तुडवत जायचं. हसनच्या घरी पिढ्यान् पिढ्या गलबतं हाकणारे तांडेल आणि सारंग. त्यामुळे तो कुवेतला आला आणि दक्षिणेकडच्या मीना अब्दुल्ला बंदरात लाँचवर लागला. मी आलो शर्कला, कारण मला पोहायलाही येत नाही. तो आठवडाभर तिकडे राही आणि गुरुवारी कंपनीच्या बसने आमच्या खोलीवर येई. खोली गावच्या जमातीची. गावातून जो कुणी येईल तो आधी तिथे उतरणार, हा रिवाज.

पहिल्या निवडणुकीत साहेब आमच्या गावात आले तेव्हा आम्ही दोघेही गावातच होतो. साहेब म्हणजे आमचे आमदार, पुढे उपमंत्री झाले ते. भर भरतीला मचव्यातून, हार घालून, उभ्याने आले. मशिदीसमोरच्या पटांगणात म्हणाले, "दोन वर्षांत पूल. पूल झाला की सरकारी बस तुमच्या दारात." आमच्या म्हाताऱ्यांनी टाळ्या वाजवल्या, आम्हीही वाजवल्या. दुसऱ्या निवडणुकीत तेच भाषण झालं, फक्त दोन वर्षांचं एक वर्ष झालं होतं. त्यामुळे काही लोकांना प्रगती वाटली. गावात तोवर म्हण पडली होती. पोर अभ्यास करत नसलं की आई म्हणे, "तू पास होशील, बस येल तवा." उधारी मागायला गेलं की वाणी म्हणे, "देतो की, बस येल तवा."

या दोन निवडणुकांच्या मध्ये हसनची बायको खतीजा गेली. बाळंतपण अडलं, खाटेवर घालून चौघांनी उचललं, काठावर आले तर सुकती. थांबायला वेळ नव्हता म्हणून चिखलात उतरले. अर्ध्या वाटेत ती गेली, पोटातलं मूलही गेलं. हसन इथे कुवेतला होता. त्याला कळलं तेव्हा तिकडे चाळिसावा होऊन गेला होता. त्यानंतर पुष्कळ दिवस तो बसमध्ये बसला की खिडकीबाहेर बघत राही. एकदा मी विचारलं तेव्हा म्हणाला, "इथं वालवंटात कुत्रा रवत नाय, तरी बस येते रे. टायमावर येते." बस खरंच वेळेवर येत होती.

साहेब कुवेतला आले ते दुसऱ्या निवडणुकीनंतरच्या हिवाळ्यात, परदेशी गेलेल्या कोकणी बांधवांची विचारपूस करायला. बांधव म्हटल्यावर आमच्या जमातीने कमान उभारायची ठरवली. मी विरोध केला. हसन म्हणाला, "उबारा. आणि शुक्रवारी त्यांना दर्यावर नेव या." त्याचं तोंड इतकं शांत होतं की मला शंका आली. मी माझ्या शेठकडून लाँच मागून आणली, एवढं माझं काम. लाँच घेऊन आम्ही आखाताच्या वरच्या, उथळ अंगाला गेलो. भरती काठोकाठ होती. लाँच खोल पाण्यात नांगरून होडीने साहेबांना अलगद वाळूवर उतरवलं. पांढरंशुभ्र धोतर, पायात नवे चकचकीत पंपशू. साहेब म्हणाले, "वा! अगदी आपलं कोकण!"

जेवण थाटाचं होतं. शर्कच्या बाजारातलं जुबैदी, म्हणजे आपला सरंगा किंवा पापलेट, तळलेला आणि सारातला, नारळाच्या दुधातला भात, वर सांदणं. आमच्यात पाच-सहा जण एका मोठ्या थाळ्याभोवती बसून जेवतात, आणि थाळ्यावरचा शेवटचा माणूस हात धुवेपर्यंत कुणी उठायचं नसतं. पाहुण्याने तर नाहीच नाही. साहेबांच्या थाळ्यावर शेवटचा माणूस हसन होता. मी जन्मात कुणाला इतकं सावकाश जेवताना पाहिलेलं नाही. एकेक काटा काढून ओळीने लावत होता. साहेबांनी दोनदा घड्याळ बघितलं. संध्याकाळी त्यांना शर्कच्या एका हॉटेलात मोठमोठ्या पाहुण्यांसमोर भाषण होतं. हसन दर वेळी म्हणे, "घ्या ना साहेब, काय खाल्लाच नाय तुमी." साहेबांच्या पाठीमागे समुद्र होता, आणि तो निघाला होता. आम्हा बाकीच्यांना समोर दिसत होता. आम्ही साहेबांना आणखी सांदणं वाढली.

शेवटी हसनने हात धुतले. साहेब उठले, वळले, आणि तसेच उभे राहिले. होडी चिखलात कलती पडली होती. पाणी पार लांब, लाँच तर त्याहून लांब.

"अहो, पाणी कुठं गेलं?"

"गेला साहेब. येल परत."

"कधी?"

"पाच-सा तास लागतील. नायतर चालत जाव या. थोराच चिखल हाय."

साहेबांनी चिखलाकडे बघितलं, पंपशूंकडे बघितलं. "मला कुणीतरी उचलून न्या," ते म्हणाले. त्यात हुकूम होता.

"खाट नाय आणली साहेब," हसन म्हणाला. "आमच्यात खाटेवर घालून नेतात. माजी बायको नेली. अर्ध्या वाटेत गेली." मग त्याने आपली लुंगी वर खोचली आणि पुढे झाला. "चला. ह्या वाटेन आमच्या बायका बाजाराला जातात."

साहेब चालले. पहिला पंपशू विसाव्या-पंचविसाव्या पावलाला गेला, दुसरा त्यांनी स्वतःच फेकून दिला. गुडघ्यापर्यंत गेले, मांडीपर्यंत गेले, धोतर सोडून हातात घेतलं, आणि मध्यावर पोचल्यावर पुढेही जाईनात, मागेही येईनात. मला मजा वाटली, खोटं कशाला बोलू? खूप मजा वाटली. खतीजाच्या आणि तिच्या पोटातल्या जिवाच्या नावाने मी त्यांना आणखी खोल जाताना बघायला तयार होतो. कुणीतरी मागून म्हणालं, "घाबरू नका साहेब, दोन वर्सात पूल व्हईल." सगळे हसले. हसन नाही हसला. साहेबांनी त्याच्याकडे बघितलं आणि ते रडले. खरंच रडले. हात जोडून म्हणाले, "हसनभाई, माझ्या आईची शपथ घेतो. पूल होईल. बस तुमच्या दारात येईल. मला कळलं... आज कळलं."

हसनने दोन्ही हात धरून त्यांना ओढून काढलं. होडी पाण्यापर्यंत ढकलत नेऊन त्यांना लाँचवर घेतल्यावर गोड्या पाण्याने त्यांचे पाय स्वतः धुतले, आपली दुसरी कोरडी लुंगी नेसायला दिली. परतताना सुकाणूवर तोच बसला. मग म्हणाला, "आता करील रे तो." मी म्हटलं, "वेडा आहेस." तो म्हणाला, "चिखलात उभा राऊन कोण खोटा बोलतो, करीम?"

गावात पूल होणार यावर तोवर कुत्र्याचाही विश्वास नव्हता. आमच्या खोलीवर तर पुलाचं नाव काढलं की लोक चहा सांडेपर्यंत हसत. आणि सगळ्यात जास्त सोसलेला हा माणूस, यानेच विश्वास ठेवला. साहेबांचा सूड घ्यायला गेला आणि त्यांचा भक्त होऊन आला. मीना अब्दुल्लाजवळ शुऐबाला नवं बंदर बांधत होते तेव्हा सुट्टीच्या दिवशी मला तिकडे घेऊन जाई आणि पाण्यात खांब कसे उतरवतात ते दाखवी. "आपल्याकडं असंच करावा लागल," म्हणे. मी चिडत असे. आता वाटतं, साहेबांच्या सगळ्या गुन्ह्यांमध्ये हा सर्वात मोठा. ज्याच्यापाशी काहीही उरलं नव्हतं त्याच्याकडून त्यांनी भरवसासुद्धा घेतला.

साहेबांनी शपथ अगदीच मोडली असं मात्र म्हणता येणार नाही. पुढच्या निवडणुकीच्या तोंडावर आमच्या गावाच्या काठावर बसथांबा उभा राहिला. चार खांब, वर पत्रा, आत सिमेंटचा बाक, आणि निळी पाटी. पूल नाही, रस्ता नाही, बस उडत आली तरच येईल, पण थांबा तयार. साहेबांनी फीत कापली. आता त्यात बकऱ्या बसतात, पावसाळ्यात जाळी सुकवायला बरं पडतं. हसनला हे कळलं तेव्हा तो म्हणाला, "सुरुवात तर झाली." मी त्याच्याशी दोन दिवस बोललो नाही.

तारेनंतर तीन आठवड्यांनी गावी सुट्टीवर गेलेला हसनचा चुलतभाऊ युसुफ बोटीने परत आला. लाँचवर हसनच्याच हाताखाली तयार झालेला पोरगा, आता स्वतः सारंग. त्याच्याकडून सगळं कळलं. हसन घरी पोचल्यापासून रोज काठावर जाऊन बसे, थांब्यातल्या बाकावर. समोर खांब रोवल्याची काही खूण दिसते का बघे. एका दुपारी छातीत कळ आली. खाट आली, चौघांनी उचललं, काठावर आले तर सुकती. चिखलात उतरायला निघाले तर त्यानेच हात वर करून थांबवलं. त्या वाटेने त्याला जायचं नव्हतं. मग ऊन लागू नये म्हणून खाट थांब्याच्या पत्र्याखाली ठेवली. पाण्याची वाट बघत... तिथेच गेला. गावात बायका म्हणतात, नवराबायकोला एकाच सुकतीने नेलं. मी म्हणतो, सुकतीला का बोल लावता? ती दिवसातून दोनदा येते, आणि वेळेवर येते.

शोकसभेला साहेब आले. भरतीची वेळ आधी विचारून घेऊन आले. चिखलातून एवढं शिक्षण त्यांनी नक्की घेतलं होतं. सभा थांब्यातच झाली, कारण सावली तेवढीच. साहेब म्हणाले की कै. हसनभाई हे माझे जिवलग मित्र, कुवेतच्या समुद्रात आम्ही एका थाळ्यात जेवलो आहोत. आणि म्हणून या खाडीवर होणाऱ्या नियोजित पुलाला हसनभाईंचं नाव देण्याची घोषणा मी आज करतो. लोकांनी सवयीने टाळ्या वाजवल्या. मग हसनची आई उठली. तिला सारं गाव बीबीमा म्हणतं. डोळ्यांनी दिसत नाही, युसुफचा खांदा धरून उभी राहिली.

"साहेब," ती म्हणाली, "माजा पोर होता. तुमचा पूल नाय. जो नाय, त्याला माज्या पोराचा नाव देव नका. उद्या लोक म्हणतील, हसन पण नव्हता."

युसुफ सांगत होता, साहेबांनी मान खाली घालून दोन मिनिटं शांतता पाळली आणि मचव्यात बसले. पाणी उतरायला लागलं होतं.

आमच्या खोलीवर हसनचा स्टोव्ह आहे. त्याला तो 'म्हातारी' म्हणे. पिन मारायची, पंप करायचा, वर दोन शिव्या द्यायच्या, मग पेटे. हसनच्या माघारी ती कुणाच्या हाताने धड पेटत नाही. गेल्या शुक्रवारी युसुफ त्या स्टोव्हशी झुंजत असताना निरोप आला की साहेब येत्या हिवाळ्यात पुन्हा कुवेतला येताहेत. कोकणी बांधवांच्या प्रेमाची त्यांना फार आठवण येते. खोलीत दोन तट पडले. काही म्हणाले, दाराशी पाणीसुद्धा विचारायचं नाही; बाकीचे म्हणाले, गावचा पाहुणा आहे, रिवाज मोडता येत नाही. युसुफ मान वर न करता पिन मारत राहिला. हसनच्या शिव्या त्याला बरोब्बर पाठ आहेत, त्या त्याने दिल्या, आणि स्टोव्ह भपकन पेटला. मग तो म्हणाला, "पाहुण्याला नको म्हणू नये. शेठची लाँच मिलेल का, करीमभाय?"

मिळेल. मी शेठना विचारलं आहे. कमानही उभारू, सरंगाही आणू, आणि या वेळी साहेबांच्या थाळ्यावर शेवटचा माणूस मी असेन. मला काटे काढायला हसनपेक्षाही जास्त वेळ लागतो. फरक एवढाच की या खेपेला ते रडले तर त्यांना ओढून काढायला आमच्यात हसन नाही. हे सगळं मी तिकडच्या एका वर्तमानपत्राच्या पुरवणीत उघड लिहितो आहे, तेव्हा साहेब सावध होतील अशी भीती काहींना वाटते. वाटू नये. साहेब वर्तमानपत्रात फक्त स्वतःचं नाव शोधतात, आणि ते मी या लेखात कुठेही लिहिलेलं नाही.