आधी हसून घ्या

जालन्याच्या एमआयडीसीत स्टीलच्या मिलबाहेर भंगाराचे ढीग असतात. कोणी मुद्दाम रचलेत असं वाटत नाही, आपोआप साचल्यासारखे दिसतात. आमच्या धंद्यात किस्से तसेच साचतात. मी टीव्हीवरच्या एका कॉमेडी शोसाठी स्किटं लिहितो. त्याआधी अंबडच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर तत्त्वज्ञान शिकवायचो. दोन्हीकडे मी बोलायला लागलो की समोरचे घड्याळ बघतात, त्यामुळे बदल फारसा जाणवला नाही.

मित्र म्हणतात, तुझं बरंय मिलिंद, हसत-खेळत पोट भरतं. हे किस्से खास त्यांच्यासाठी.

*

विद्यार्थी मिळेनात म्हणून कॉलेजनं विषयच बंद केला आणि मी मुंबईला मुलाखतीला गेलो. आमच्या शोच्या हेड रेवतीमॅडम. त्यांनी माझा बायोडेटा खालीवर बघितला.

"फिलॉसॉफीत नेमकं काय असतं?"

मी म्हणालो, "माणसाला काय हवं असतं, ते त्याला का मिळत नाही, मग तो दुःखी कसा होतो, असं सगळं."

"म्हणजे कॉमेडीच की," मॅडम म्हणाल्या. "फक्त आपल्याकडे तो शेवटी पडतो."

मला वाटलं, बाई हजरजबाबी आहेत. कामाला लागल्यावर कळलं की त्या विनोद करत नव्हत्या. स्किटच्या शेवटी कोणीतरी धाडकन पडलं पाहिजे, हा तिथला नियमच होता. एकदा मी कोणालाही न पाडता स्किट संपवलं. चॅनेलकडून ते शेरा मारून परत आलं: "विचार छान आहे. कमी करता येईल का?"

*

विनोदाचा पंच बसत नसला की रायटर्स रूममध्ये एक हुकमी उपाय आहे. कोणीतरी आळस देत म्हणतं, "याला मराठवाड्याचा कर रे." पात्र तेच, वाक्य तेच, फक्त 'नाही'चं 'न्हाई' करायचं आणि 'मग'चं 'मंग'. लोक हसतात. का हसतात, असं मी एकदा मीटिंगमध्ये विचारलं, तर "इथे लेक्चर नको" असं उत्तर मिळालं.

आमचा मुख्य नट पुण्याचा. त्याला आमची बोली शिकवायचं काम न सांगताच माझ्या गळ्यात पडलं. मी त्याला आमच्या गावची, वडीगोद्रीची वाक्यं म्हणून दाखवली. "कुठं गेल्ता?" "कुठं न्हाई, इथंच बसून राह्यलो." माझे वडील, शेजारीपाजारी जसं बोलतात, अगदी तसं. त्याने मन लावून ऐकलं.

"अरे, पण हे तर साधंच वाटतंय," तो म्हणाला. "तुम्ही लोक विनोदी कसं बोलता, ते सांग ना."

*

आता अण्णांविषयी. अण्णा म्हणजे माझे वडील. वडीगोद्रीच्या शाळेतून मास्तर म्हणून रिटायर झाले. वर्गात पोरानं पाठ केलेलं उत्तर घडाघडा म्हटलं की त्याला खाली बसवायचे आणि विचारायचे, "हे तुला पटलं का?" पटलं नसेल तर तसं सांगायला मुभा होती. घरीही तेच. कोणाच्या लग्नात, कोणाच्या दारात, मन राखायला म्हणून ते कधी हसल्याचं मला आठवत नाही. मी तत्त्वज्ञान घेतलं ते या माणसामुळे.

दर शनिवारी ते चष्मा पुसून माझा शो बघतात. शेवटी माझं नाव पळतं तेवढ्या वेळात ते वाचतात, टीव्ही बंद करतात आणि म्हणतात, "बरंय."

एवढ्या वर्षांत माझ्या एकाही स्किटला अण्णा हसले नाहीत. बाकी सगळ्या महाराष्ट्राने हसावं अशी माझी इच्छा कधीच नव्हती, ती चॅनेलची गरज आहे. मला या एका माणसाचं हसू हवं होतं.

*

आई गेली तेव्हाची गोष्ट. रेवतीमॅडमचा व्हॉइस मेसेज आला. आवाज भरून आला होता, तो खरा होता असं मी आजही मानतो. "मिलिंद, हवा तेवढा वेळ घे. कसलीही घाई नाही. फक्त त्या लग्नाच्या स्किटचा शेवट तेवढा दुपारपर्यंत पाठव."

आईचा जलदानविधी दुसऱ्या दिवशावर आला होता. बाहेर मांडव घालणं चाललं होतं, आत मी मोबाइलवर टाइप करत होतो. अण्णा शेजारी येऊन बसले.

"काय लिहून राह्यला?"

"कामाचं आहे."

"हसायचं हाय का?"

"हो."

ते उठून मांडवाकडे गेले. त्या आठवड्यात तेच स्किट सगळ्यात जास्त चाललं. मला स्वतःची किळस आली, आणि शेवट जमला याचं बरंही वाटलं. ही दोन्ही वाक्यं खरी आहेत.

*

अंबडच्या कॉलेजनं प्रमुख पाहुणा म्हणून बोलावलं. आमच्या विषयाच्या खोलीत आता कुस्तीच्या मॅट ठेवतात. प्राचार्यांनी ओळख करून दिली, "तत्त्वज्ञानासारखा विषय घेऊनसुद्धा ज्यांनी आयुष्यात काहीतरी केलं, असे आपले माजी सहकारी!" टाळ्या पडल्या. तत्त्वज्ञानाने मला कसं जगायला शिकवलं यावर मी भाषण तयार करून गेलो होतो. ते तसंच खिशात ठेवलं आणि नटांच्या गमती सांगितल्या. कार्यक्रम फार छान झाला म्हणे.

*

हायवेला रफिकचाचांचं गाड्यांच्या सीट कव्हरचं दुकान आहे. अण्णांचे जुने दोस्त. मी गावी गेलो की ते मशीन थांबवून चौकशी करतात.

"बेटा, ते नट लोक आपल्या मनानंच बोलतात ना? मंग तू काय करून राह्यला तिथं?"

"ते बोलतात ते सगळं मी लिहून देतो, चाचा."

"बराबर. आन् ते समोर बसलेले लोक हसतात, ते बी तूच लिहून देतो का?"

मी त्यांना आमची पद्धत सांगितली. शूटिंग सुरू व्हायच्या आधी प्रेक्षकांना खुर्च्यांवर बसवतात. मग एक असिस्टंट समोर उभी राहून सांगते, हलकं हसा, आता जोरात हसा, आता हसून हसून डोळे पुसा. कॅमेरे फिरतात, एकेकाचा चेहरा टिपून ठेवतात. पुढे एडिटिंगमध्ये जिथे हशा कमी पडेल तिथे हे चेहरे लावायचे. अंबडला मी पोरांना शिकवत होतो की कारण आधी आणि परिणाम मागून. इथे परिणाम आधी घेऊन ठेवतात, कारण मिळेल तेव्हा मिळेल.

चाचांनी मान हलवली. "म्हणजे बिलकुल उलटं. आम्ही आधी माप घेतो, मंग कव्हर शिवतो."

*

गेल्या वर्षी अण्णा मुंबईला आले. म्हणाले, "एकदा तू काम करतो ती जागा बघू दे." मी त्यांना प्रेक्षकांत पहिल्या रांगेत जागा मिळवून दिली आणि आत निघून गेलो, कारण स्किट ऐन वेळी बदलायला घेतलं होतं.

बदलायला घेतलेलं स्किट मास्तरचं होतं. मी लिहिलं होतं तेव्हा त्यात एक मास्तर होता, पोरांना "हे तुला पटलं का?" असं विचारणारा. रूममधून फिरून फिरून त्याचा डुलक्या घेणारा, 'न्हाई न्हाई' करणारा मास्तर झाला होता. शेवटी तो खुर्चीसकट पडायचा आणि त्याची पँट सुटायची. वाक्य मात्र त्यांनी ठेवलं. पँट सुटल्यावर तो पोरांना विचारायचा, "हे तुला पटलं का?" हे स्किट दुसऱ्या दिवशी होणार होतं. नटाच्या तारखांमुळे त्याच दिवशी झालं.

मी मागे मॉनिटरवर बघत होतो. मॉनिटरवर फक्त स्टेज दिसतं. अण्णांचा चेहरा मला दिसला नाही. परतताना रिक्षात ते एवढंच म्हणाले, "तो नट पडतो चांगला."

एपिसोड लागला त्या शनिवारी मी गावीच होतो. गुरुजी टीव्हीवर दिसणार म्हणून आमच्या घरात माणसं मावेनात. रफिकचाचा दुकान बंद करून आले होते. मास्तर पडला, पँट सुटली, त्याने अण्णांचं वाक्य म्हटलं, आणि पडद्यावर अण्णा आले. अख्ख्या स्क्रीनभर. खदाखदा हसत होते. चष्मा काढून डोळे पुसत होते. जन्मात मी त्यांना असं हसताना बघितलं नव्हतं.

घरात एकच कल्ला झाला. कोणी म्हणालं, "गुरुजी, सोताच्या धंद्यावर लय हसले तुम्ही." माझं नाव आलं, अण्णांनी ते वाचलं, टीव्ही बंद केला. "बरंय" म्हणाले नाहीत.

लोक पांगल्यावर मी विचारलं, "अण्णा, तुम्ही त्या मास्तरवर हसलात?"

"न्हाई रे. ते तर मंग झालं. आधी ती पोरगी आल्ती ना, हसा म्हणून सांगणारी. सगळे हसून राह्यले, मी गप. ती म्हणली, आजोबा, हसा की. मी म्हणलो, कशावर? ती म्हणली, मिलिंद सरांचे वडील ना तुम्ही? त्यांचंच माणूस हसलं न्हाई तर वरचे लोक काय म्हणतील?"

त्यांनी चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकानं पुसत राहिले.

"मला वाटलं, तुझ्या नोकरीचं काही होईल. मंग हसलो."

पुसलेला चष्मा त्यांनी परत डोळ्यांवर चढवला.

"का रे," त्यांनी काळजीने विचारलं, "बराबर जमलं ना?"